मंगळवारचं विमान

आपियाहून पागो पागो किती लांब, विचारतात.
मी सांगतो : दीडशे किलोमीटर, समजा.
वारा समोरून असला तर चाळीस मिनिटं,
पाठीवर असला तर पस्तीस.
आणि उतराल तेव्हा तिथे काल असेल.

परदेशी पाहुणे हसतात.
कुणीतरी हमखास म्हणतो, मग कालचं भांडण मिटवून येतो.
मीही हसतो. बारा वर्षं त्याच विनोदाला हसतोय.

माझं काम वजनाचं.
एकोणीस जणांचं विमान, सामानासकट माणूस तोलायचा.
लाजायचं नाही,
काट्यावर उभं राहायचं, छतावरच्या पालीकडे बघायचं.
आमची माणसं अंगापिंडाने भरलेली,
शिवाय प्रत्येकाच्या हातात कुणासाठी तरी काही :
तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं,
एकदा तर आख्खं शिवणयंत्र, मांडीवर, बाळासारखं.
मी आकडा लिहितो, मोठ्याने वाचत नाही.
एवढी सभ्यता शिकलोय.

मंगळवारी फुआतिनो आली.
सवाईई बेटावरून, पहाटेच्या बोटीने,
बोट उशिरा, म्हणून ती रांगेत शेवटी.
भाऊ तिकडे ट्यूनाच्या कारखान्यात होता,
आता इस्पितळात. "पेनिअमिना," ती म्हणाली,
जणू मी ओळखतच असणार त्याला.
काखेत चटई, आईने अकरा महिने विणलेली,
लुगड्यासारखी मऊ. अशी चटई आम्ही कुठे नेतो
ते मला ठाऊक, तिला ठाऊक.
मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.
आणि माशांच्या डब्यांचा एक खोका.

विमान जड होत होतं.
खोका ठेव, मी म्हणालो. तिने ठेवला.
तरी जड.
कुणाला तरी थांबवावंच लागतं, शेवटी आलेल्याला.
नियम माझा नाही. हात माझा.
"उद्या ये, पहिली जागा तुझी," मी म्हणालो,
"एका दिवसाने काय होतंय."

बुधवारी ती आली तेव्हा फोन येऊन गेला होता.
पहाटे पाचला.
तिकडच्या भिंतीवर मंगळवार, पहाटेचे पाच.

आता हिशेब बघा, मी रात्ररात्र बघितलाय.
मंगळवारचं विमान तिकडे सोमवारी उतरतं.
सोमवारी दुपारी पेनिअमिना दोन घास जेवला होता,
उशी नीट लावली नाही म्हणून नर्सशी भांडला होता,
दाराकडे तोंड करून झोपला होता.
बुधवारचं विमान मंगळवारी उतरतं.
तिच्या तिकिटावर जी तारीख पडली
तीच त्याच्या दाखल्यावर.
मधे फक्त पावणेसहा तास.

नकाशावर ती रेघ कुणीतरी हाताने ओढलीय,
आमच्या बेटांना वळसा घालून.
एका वर्षी तर सरकारने तिला पलीकडे सरकवलं,
आम्ही गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो,
शुक्रवार कुणाच्याच वाट्याला आला नाही.
रेघ हलते.
पहाटेचे पाच हलत नाहीत.

ती काट्यावर चढली.
कालच्यापेक्षा दीड किलो कमी.
पालीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
"आज बसते ना मी?"
बसतेस, मी म्हणालो.
चटई मी तोललीच नाही.
उभ्या आयुष्यात तेवढं एक खोटं लिहिलं, कागदावर शून्य,
आणि वैमानिकाला जाऊन खरं सांगितलं.
तो काही बोलला नाही. त्याने टोपी काढली.

ती परतली तेव्हा हात मोकळे होते.
तिकडून रविवारी निघालेली, इकडे सोमवारी उतरलेली.
खोका घेऊन जा, मी म्हणालो.
"तुम्ही खा," ती म्हणाली, अगदी साधेपणाने,
आणि बोट गाठायला निघून गेली.

अजून माझ्या टेबलाखाली आहे तो.
फोडला नाही.
रोज सकाळी, पहिला प्रवासी यायच्या आधी,
काटा तपासायला मी तोच वर ठेवतो.
नऊ किलो आठशे.
काटा बरोबर दाखवतो.